लॅक्स्टन: नॉर्मन किल्ला आणि त्याच्या पायथ्याची तीन शिवारे

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅमशायर नावाचा परगणा आहे. त्यात शेरवुडच्या जुन्या राजवनापासून पूर्वेला थोड्या अंतरावर लॅक्स्टन हे लहानसे खेडे वसले आहे. गावाच्या उत्तरेस, चर्चच्या पलीकडे, गवताने झाकलेले एक मोठे टेकाड असून त्याभोवती खंदकांचे व मातीच्या तटांचे अवशेष दिसतात. नॉर्मन राजवटीत उभारलेल्या किल्ल्याचे आता एवढेच शिल्लक आहे. गावाच्या दुसऱ्या बाजूंना मात्र तीन विस्तीर्ण शिवारे पसरलेली असून त्यांत शेतकऱ्यांच्या जमिनी आजही लांबट पट्ट्यांत विभागलेल्या आहेत. कोणत्या वर्षी कोणत्या शिवारात काय पेरायचे आणि कोणते शिवार पड टाकायचे, हे तेथे अजूनही सर्वांच्या संमतीने ठरलेल्या क्रमानुसारच चालते. मध्ययुगीन इंग्लंडचे किल्ले पाहू जाणाऱ्यास दगडी बुरूज असलेली याहून कितीतरी भव्य ठिकाणे सापडतील. परंतु किल्ला ज्या धान्यावर आणि ज्या मेहनतीवर उभा होता ती व्यवस्था किल्ल्याशेजारीच जिवंत पाहायची असेल, तर लॅक्स्टनच्या तोडीचे ठिकाण युरोपात क्वचितच आढळेल.

नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत विजयी झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडच्या गादीवर बसला. त्यानंतरच्या वीस वर्षांत इंग्लंडमधील जमिनीची मालकी जवळजवळ संपूर्णपणे हस्तांतरित झाली. सर्व जमीन अंतिमतः राजाची, राजाने ती लष्करी सेवेच्या बोलीवर आपल्या सरदारांना द्यायची आणि सरदारांनी तिचे तुकडे आपल्या हाताखालच्या माणसांना द्यायचे, असा हा बंदोबस्त होता. या उतरंडीतील सर्वांत खालचा, पण प्रत्यक्ष उत्पन्न देणारा घटक म्हणजे मॅनर. एका धन्याच्या ताब्यातील जमीन, तीवर राबणारी कुळे आणि दोघांमधील हक्क व कर्तव्ये यांचा निवाडा करणारी कचेरी, अशा तिन्हींचा मिळून मॅनर होत असे. मराठी वाचकाला येथे जहागिरीची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. जहागीरदाराचा हक्क मुख्यतः महसुलावर असे. मॅनरच्या धन्याचा हक्क जमिनीबरोबर कुळाच्या शरीरश्रमावर, त्याच्या मुलीच्या लग्नावर आणि त्याने धान्य कोठे दळावे यावरही चाले.

लॅक्स्टनचा पहिला तपशीलवार उल्लेख ‘डूम्सडे बुक’ या प्रसिद्ध दप्तरात येतो. विल्यमने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरवून देशातील जमीनजुमल्याच्या पाहणीचा हुकूम दिला आणि १०८६ मध्ये गावोगावची माहिती गोळा झाली. त्यातील लॅक्स्टनची नोंद जेमतेम काही ओळींची आहे, पण ती सावकाश वाचण्याजोगी आहे. नॉर्मनांच्या आधी हे गाव टोकी नावाच्या माणसाकडे होते. हे नाव स्कॅन्डिनेव्हियन वळणाचे असून नॉटिंगहॅमशायर हा प्रदेश त्यापूर्वी दीर्घकाळ डॅनिश प्रभावाखाली होता, याची ते साक्ष देते. टोकीची जागा जेफ्री आल्सलिन या नॉर्मन सरदाराने घेतली आणि गावाचा प्रत्यक्ष कारभार वॉल्टर नावाच्या त्याच्या माणसाकडे आला. करआकारणीसाठी गावाची जमीन दोन ‘कॅरुकेट’ धरलेली होती. कॅरुकेट म्हणजे आठ बैलांच्या एका नांगराखाली वर्षभरात येणारी जमीन, साधारण १२० एकर, असे कागदोपत्री मानले जाई. प्रत्यक्षात मात्र गावात सहा नांगरांची जमीन असल्याचे तीच नोंद सांगते, म्हणजे आकारणी आणि वास्तव यांत तेव्हाही बरेच अंतर होते. धन्याचा स्वतःचा नांगर एक आणि गावकऱ्यांचे पाच. गावकऱ्यांत २२ ‘व्हिलिन’, म्हणजे जमिनीचा बऱ्यापैकी वाटा असलेली पण धन्याशी बांधलेली कुळे. ७ ‘बोर्डार’, म्हणजे झोपडी आणि जमिनीचा लहानसा तुकडा एवढ्यावर गुजराण करणारे. आणि त्यांखाली ५ दास व १ दासी. शिवाय ४० एकर गवताळ कुरण, आणि लांबी एक लीग व रुंदी अर्धा लीग एवढे चराऊ रान. एडवर्ड राजाच्या काळात, म्हणजे नॉर्मनांच्या आधी, गावाचे मूल्य ९ पौंड होते आणि १०८६ मध्ये ते ६ पौंड झाले होते. हा एक तृतीयांश घसारा कशामुळे झाला हे लिहिण्याची दप्तरकारांना गरज वाटली नाही. उत्तर व मध्य इंग्लंडमधील असंख्य नोंदींत अशीच घसरण दिसते, आणि १०६९-७० च्या हिवाळ्यात बंडखोरीचा सूड म्हणून विल्यमच्या सैन्याने उत्तरेकडे केलेली जाळपोळ सर्वश्रुत आहे.

व्हिलिन व बोर्डार मिळून २९ कुटुंबे धरली, तर गावाची लोकसंख्या दीडशेच्या आसपास भरते. एवढ्या माणसांवर एक परका, परभाषक सरदार आणि त्याचे मूठभर लोक हुकमत गाजवत होते. नॉर्मन किल्ल्यांची रचना या विषम प्रमाणाकडे पाहिल्यावरच नीट उलगडते. शत्रूच्या सैन्यापासून राज्याचे संरक्षण हा या किल्ल्यांचा दुय्यम हेतू होता. पहिला हेतू जिंकलेल्या मुलखात सुखाने झोपता यावे हा होता. त्यामुळे ते घाईने, हाताशी असलेल्या साहित्यातून आणि बहुधा जित लोकांच्याच वेठीने बांधले जात. खोल वर्तुळाकार खंदक खणायचा, निघालेली माती मध्यभागी टाकून थरावर थर चोपत टेकाड उभे करायचे, त्याच्या माथ्यावर लाकडी बुरूज बांधून भोवती मेढेकोट उभारायचा. या टेकाडाला ‘मॉट’ म्हणत. त्याला लागून खंदक व तट यांनी वेढलेले एक किंवा दोन प्रशस्त आवार असे, ते ‘बेली’. त्यात राहण्याची दालने, मुदपाकखाना, तबेले, धान्याची कोठारे, लोहाराचा भाता आणि प्रार्थनागृह असे. मॉट म्हणजे बालेकिल्ला आणि बेली म्हणजे माची असे समजले तर सह्याद्रीतील किल्ले पाहिलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आराखडा चटकन उभा राहील. फरक इतकाच की सह्याद्रीत डोंगर आयता मिळे आणि इंग्लंडच्या सपाटीवर तो टोपल्यांनी उचलून रचावा लागे. हेस्टिंग्ज येथे असा मॉट रचणारे मजूर बायो येथील प्रसिद्ध भरतकामाच्या पटावर फावड्यांसह दाखवलेले आहेत. शहरांत तर किल्ल्याला जागा करण्यासाठी वस्त्याच पाडल्या गेल्या; लॅक्स्टनच्या पूर्वेकडील लिंकन शहरात किल्ल्यापायी १६६ घरे गेल्याचे डूम्सडे बुक नोंदवते.

लॅक्स्टनचा किल्ला मात्र विजयाच्या पहिल्या धामधुमीतला नसावा. जेफ्री आल्सलिनच्या मालमत्तेची पुढे वाटणी झाली आणि लॅक्स्टनचा भाग बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉबर्ट द को या सरदाराकडे आला. लॅक्स्टन हे या घराण्याच्या सर्व जमिनींचे मुख्य ठाणे ठरले आणि अभ्यासकांच्या मते किल्ल्याची उभारणी याच काळात झाली. एरवी हे एक सामान्य खेडे. त्यात परगण्यातील सर्वांत मोठ्या माती-लाकडाच्या किल्ल्यांपैकी एक का उभारला गेला असेल, याचे उत्तर पश्चिमेकडच्या रानात आहे. को घराण्याकडे शेरवुडच्या राजवनाची वंशपरंपरागत रखवाली होती.

‘फॉरेस्ट’ हा शब्द मध्ययुगीन इंग्लंडमध्ये झाडीपेक्षा कायद्याचा वाचक होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, मग त्यात गावे, शेते आणि माळ का असेनात, वेगळ्या वनकायद्याखाली येई. हरणे व रानडुकरे यांना हात लावणे हा तेथे गुन्हा होताच, पण त्यांना आसरा देणारी झाडी तोडणे, नवी जमीन लागवडीखाली आणणे, एवढेच नव्हे तर पंजांची नखे न छाटलेला मोठा कुत्रा पाळणे हेही दंडपात्र ठरे. प्रारंभीच्या नॉर्मन राजांच्या काळात शिकारचोराचे डोळे काढण्यापर्यंत शिक्षा जात. हरिणासाठी कोणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही, हे वचन राजसत्तेकडून मिळायला १२१७ ची वनसनद यावी लागली. अशा प्रदेशाची रखवाली म्हणजे मानाबरोबरच दंड, लाकूड, चराई आणि शिकार यांतील उत्पन्नाचा वाटा. तेराव्या शतकाच्या प्रारंभी हा अधिकार मॅटिल्डा द को या स्त्रीकडे होता. जॉन राजाच्या वादळी कारकिर्दीत तो तिच्याकडून गेला आणि राजाच्या मृत्यूनंतर तिला परत मिळाला. तिच्या पश्चात वारशाने मॅनर, किल्ला आणि रखवाली ही तिन्ही एव्हरिंगम घराण्यात आली. पुढे १२८० च्या दशकात या घराण्यातील रॉबर्ट द एव्हरिंगम यानेच राजाच्या हरणांवर डल्ला मारल्याचे उघड झाले आणि रखवालीचा वंशपरंपरागत हक्क कायमचा गेला. रॉबिन हूडच्या कथांनी शेरवुडच्या चोऱ्या गरिबांच्या नावे जमा केल्या आहेत; दप्तरातील ही नोंद त्या कथांना चांगलीच जोड देते.

रखवाली गेल्यावर किल्ल्याचे राजकीय महत्त्वही ओसरले. त्यापूर्वीच अनेक ठिकाणी लाकडी किल्ल्यांच्या जागी दगडी बांधकामे उभी राहिली होती. सोळाव्या शतकात किल्ल्याच्या आवारात रूस घराण्याचा वाडा होता. आज त्याचाही पत्ता नाही. लॅक्स्टनच्या किल्ल्याभोवती गाजलेला वेढा किंवा लढाई इतिहासाला ठाऊक नाही, आणि हे अपवादात्मक नाही. नॉर्मन काळात उभारलेल्या शेकडो माती-लाकडी किल्ल्यांपैकी बहुसंख्यांचे आयुष्य असेच गेले. बुरुजावरून दिसणाऱ्या शेतांतील हालचालींवर नजर ठेवणे आणि कोठारात येणारे धान्य मोजून घेणे हेच त्यांचे रोजचे काम होते. एव्हरिंगमांची आठवण गावच्या सेंट मायकेल चर्चमध्ये मात्र टिकली आहे. तेथे या घराण्यातील स्त्रीपुरुषांच्या निद्रिस्त प्रतिमा असून त्यांपैकी एका स्त्रीची चौदाव्या शतकातील प्रतिमा दगडाऐवजी ओक लाकडात कोरलेली आहे. लाकडी समाधिप्रतिमा इंग्लंडमध्ये मोजक्याच उरल्या असल्याने ती विशेष मोलाची मानतात.

कोठारातले धान्य पिकत होते ते खुल्या शिवारांत. ‘खुले शिवार’ म्हणजे शेकडो एकरांचा असा सलग पट्टा, की ज्यात कोणाच्याही जमिनीभोवती कुंपण नाही. शिवाराचे पोटभाग आणि पोटभागांचे अरुंद, लांब पट्टे पाडलेले असत. एका कुळाचे पट्टे एका जागी नसून सगळ्या शिवारांत विखुरलेले असत. चांगली-वाईट, जवळची-दूरची, उंचावरची आणि पाणथळ जमीन प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडी यावी, हा त्यामागील एक हेतू सांगितला जातो. एका बाजूला गारपीट झाली किंवा पाणी साचले तरी सर्वस्व बुडू नये, हाही फायदा त्यात होता. धन्याची स्वतःची जमीन, जिला दख्खनच्या जुन्या महसुली भाषेत शेरी म्हटले असते, तीही पुष्कळदा याच पट्ट्यांत मिसळलेली असे.

पट्ट्याचा आकार बैलांनी ठरवला होता. आठ बैलांचे जड औत वळवणे हे वेळखाऊ आणि कष्टाचे काम, म्हणून तास शक्य तितके लांब ठेवत. एका दमात बैल जेवढे ओढू शकतील ते अंतर ‘फर्लांग’, म्हणजे २२० यार्ड. दिवसभराच्या नांगरणीत २२ यार्ड रुंदीची जमीन उरके, आणि २२० गुणिले २२ यार्डांचे हे क्षेत्र म्हणजे एकर. त्यातील २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, ही लांबी सतराव्या शतकात मोजणीच्या साखळीत पक्की झाली. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत तिच्या निम्म्या, ३३ फुटांच्या साखळीचा वापर झाला, आणि अशा एका साखळीचा चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर अजून ठाण मांडून आहे. पट्टे सरळ नसून उलट्या एस अक्षरासारखे किंचित वळलेले असत, कारण टोकाला औत वळवण्यासाठी बैलांना आधीपासूनच बाजूला घ्यावे लागे. शिवाय माती वर्षानुवर्षे पट्ट्याच्या मध्याकडे उलटत गेल्याने प्रत्येक पट्टा पाठीसारखा उंच होई आणि दोन पट्ट्यांमध्ये सरी पडे. जड चिकणमातीच्या जमिनीत पाण्याचा निचरा या सऱ्यांतूनच होई. मध्य इंग्लंडमध्ये जी शेते नंतर कायमची कुरणे झाली, त्यांत हे सरी-वरंबे तिरप्या उन्हात आजही स्पष्ट दिसतात.

लॅक्स्टनची तीन शिवारे पश्चिम शिवार, दक्षिण शिवार आणि गिरणी शिवार या नावांनी ओळखली जातात. पूर्वी पूर्वेकडे चौथे लहान शिवारही होते, पण लागवडीच्या क्रमात ते दुसऱ्या एका शिवाराबरोबर धरले जाई. क्रम तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी शरद ऋतूत पेरलेला गहू. दुसऱ्या वर्षी वसंतात पेरलेले जव, ओट, वाटाणा किंवा घेवड्याच्या जातीचे कडधान्य. तिसऱ्या वर्षी पड. एक शिवार पड असताना इतर दोन पिकाखाली असत, म्हणजे गावाची एकतृतीयांश जमीन दर वर्षी विश्रांती घेई. त्या पड जमिनीत आणि कापणीनंतर उरलेल्या धसकटांत साऱ्या गावाची गुरेमेंढरे चरत, त्यांचे शेण तेथेच पडे, आणि रासायनिक खतांच्या कित्येक शतके आधी जमिनीची ताकद अशी भरून काढली जाई. यात एकट्या माणसाला मनमानी करण्यास वाव नव्हता. शेजारी कापणी उरकून गुरे सोडत असता एखाद्याने उशिराचे पीक घेतले, तर ते गुरांच्या तोंडी जाणारच. म्हणून पेरणी, कापणी, चराईचा आरंभ आणि शेवट या सर्वांच्या तारखा गावाने ठरवायच्या आणि प्रत्येकाने पाळायच्या. शिवारांच्या अधूनमधून पाणथळ किंवा उताराच्या ज्या जागा नांगराखाली येत नसत, त्या गवतासाठी राखत. त्यांना लॅक्स्टनमध्ये ‘साइक’ म्हणतात.

कुळाने आपले पट्टे कसायचे, पण त्याआधी धन्याचे. व्हिलिनने आठवड्यातील ठरावीक दिवस शेरी जमिनीवर राबावे, कापणीच्या ऐन हंगामात जादा वेठ द्यावी, मुलीच्या लग्नासाठी धन्याला पैसे मोजून परवानगी घ्यावी, दळण धन्याच्या गिरणीत न्यावे आणि त्यातील हिस्सा सोडावा, आणि कुळ मेल्यावर त्याच्या घरातील उत्तम जनावर धन्याने न्यावे, असे हे मध्ययुगीन रिवाज होते. त्यांचे प्रमाण मॅनरगणिक बदले. शेवटचा रिवाज विशेष निष्ठुर म्हणायला हवा, कारण कर्ता माणूस गेल्याच्या आठवड्यातच औताचा उत्तम बैल गोठ्यातून जाई. या सगळ्याची नोंद, वसुली आणि तंटे मॅनरच्या कचेरीत चालत. तिचे दोन भाग कल्पिले जात: जमिनीचे हस्तांतर आणि धनी-कूळ यांचे व्यवहार पाहणारी ‘कोर्ट बॅरन’, आणि गावातील शांतता, वजनमापे, मारामाऱ्या व सार्वजनिक उपद्रव यांचा निवाडा करणारी ‘कोर्ट लीट’. धन्याचा कारभारी अध्यक्षस्थानी बसे. पण कोणी काय केले हे सांगणारे आणि गावचा रिवाज काय हे ठरवणारे पंच कुळांतलेच असत. कचेरी धन्याची असली तरी तिची स्मरणशक्ती गावकऱ्यांची होती. रिवाज एकदा पंचांच्या तोंडून दप्तरात उतरला की तो धन्यालाही सहजासहजी मोडता येत नसे, आणि कुळांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या व्यवस्थित वापरली.

१३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडमधील लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा मेला, आणि उरलेल्यांच्या श्रमाला अचानक किंमत आली. मजुरी पूर्वीच्याच दराने गोठवणारा १३५१ चा कायदा संसदेने केला, तो फारसा चालला नाही. वेठीच्या जागी हळूहळू रोख खंड आला, कुळाचा हक्क कचेरीच्या दप्तरातील नोंदीच्या नकलेवर उभा राहिला, आणि दोन शतकांत व्हिलिन हा दर्जाच व्यवहारातून लुप्त झाला. एव्हरिंगमांचा वंश चौदाव्या शतकाच्या अखेरीस खुंटला आणि मॅनर या हातातून त्या हातात जात राहिला.

१६२५ च्या सुमारास तो सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या व्यापाऱ्याने विकत घेतला. कोर्टेन हा निर्वासित फ्लेमिश कापड व्यापाऱ्याचा मुलगा. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर इंग्रज वसाहत त्याच्याच पैशावर उभी राहिली. या नव्या मालकाने १६३५ मध्ये मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून लॅक्स्टनचा भव्य नकाशा करवून घेतला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर प्रत्येक पट्टा आखलेला असून सोबतच्या खतावणीत त्याचे क्षेत्र आणि धारक नोंदलेला आहे. रस्त्याकडेला दाटीने बसलेली घरे आणि त्यांच्यामागे लांबत गेलेली परसे त्यावर दिसतातच, पण मोकळ्या जागांत मोजणीदाराने औत धरलेले, कापणी करणारे आणि शिकारीमागे धावणारे लोकही रंगवले आहेत. व्यापारी मालकाला जमिनीचा हिशेब हवा होता, आणि त्या हिशेबापायी खुल्या शिवारांचे इंग्लंडमधील एक सर्वोत्तम चित्र तयार झाले.

याच कोर्टेनचा धागा गोव्यापर्यंत पोहोचतो. जानेवारी १६३५ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीने गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी तह केला आणि पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज बंदरे इंग्रजांना खुली झाली. त्याचा लाभ घेण्यासाठी कोर्टेन व त्याच्या भागीदारांनी पहिल्या चार्ल्स राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीला डावलून पूर्वेच्या व्यापाराची सनद मिळवली. कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली त्यांची गलबते १६३६ मध्ये गोव्याला पोहोचली, आणि पुढे भटकळ व कारवार येथे या मंडळीने वखारी थाटल्या. खुद्द कोर्टेन मात्र गलबते निघाल्यावर काही आठवड्यांतच वारला. राजाकडचे थोरले येणे वसूल झालेच नाही आणि मागे कर्जाचा डोंगर राहिला. लॅक्स्टनचा मॅनर थोड्याच वर्षांत पिअरपॉंट घराण्याने घेतला. हेच घराणे पुढे किंग्स्टनचे ड्यूक आणि त्यांच्या वारशाने अर्ल मॅनव्हर्स म्हणून ओळखले गेले.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षे इंग्लंडमधील खुली शिवारे संसदेच्या हजारो कायद्यांनी एकामागून एक मोडली गेली. विखुरलेले पट्टे एकत्र करून प्रत्येकाला कुंपणाने वेढलेली सलग जमीन द्यायची आणि गायराने वाटून टाकायची, ही त्याची रीत. उत्पादन वाढले यात शंका नाही. पण चार गुरे गायरानावर चारून तग धरणारा झोपडीवाला त्यात उघडा पडला, हेही तितकेच खरे. लॅक्स्टनमध्येही काही जमिनीला कुंपणे पडली, परंतु तीन शिवारांचा गाभा वाचला. मॅनव्हर्स आणि स्कारबरो या दोन जमीनदारांत जमिनीची गुंतागुंतीची वाटणी असल्याने एकमत लवकर होईना, हे त्याचे एक कारण दिले जाते. म्हणजे या वारशाच्या रक्षणाचे श्रेय दूरदृष्टीपेक्षा दिरंगाईला अधिक जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅनव्हर्सने पट्ट्यांचे एकत्रीकरण करून त्यांची संख्या बरीच कमी केली, मात्र शिवारे आणि फेरपालटीचा क्रम यांना हात लावला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा विषय विद्वानांच्या हाती गेला तेव्हा त्यांना भारत आठवला. व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेसदस्य राहिलेल्या हेन्री मेन याने १८७१ मध्ये पूर्व व पश्चिमेतील ग्रामसमूहांवर ग्रंथ लिहून इंग्लंडची खुली शिवारे आणि हिंदुस्थानातील गावे ही एकाच आदिम सामुदायिक मालकीची रूपे असल्याचे प्रतिपादिले. लॅक्स्टनचे उदाहरण त्या सिद्धान्ताला फारसे अनुकूल नाही. तेथे जमीन सामाईक नव्हती, पट्टे वेगळ्या धारकांचे होते, सामाईक होते ते वेळापत्रक आणि चराई. लॅक्स्टनचा स्वतंत्र अभ्यास ऑर्विन दांपत्याने केला आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द ओपन फील्ड्स’ या ग्रंथाने गाव सर्वांना ठाऊक झाले. खुली शिवारे ही कोण्या पुरातन समतेची खूण नसून जड नांगर आणि मोजके बैल एकत्र वापरण्यातून निघालेली व्यवहारी सोय होय, अशी त्यांची मांडणी होती. नंतरच्या संशोधकांनी तीत पुष्कळ दुरुस्त्या केल्या, तरी बैलापासून सुरुवात करण्याची तिची दिशा पटण्यासारखी आहे.

१९५२ मध्ये मॅनव्हर्स घराण्याने लॅक्स्टन सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकले. १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले आणि २०२० मध्ये थोर्झबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच वारसांकडे परतले. शिवारांचे क्षेत्र आता ५०० एकरांच्या आत आले आहे. औतांच्या जागी ट्रॅक्टर आहेत आणि पडीची पाळी असलेल्या शिवारात चाऱ्याचे पीक घेतले जाते. शतकानुशतके नांगर न लागलेल्या साइकांमध्ये रानफुलांच्या ज्या जाती टिकल्या, त्यांमुळे त्या जागांना निसर्गसंरक्षणाचा कायदेशीर दर्जा मिळाला आहे. तेथील गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो.

मॅनरची कचेरीही बंद पडलेली नाही. इंग्लंडमधील बहुतेक कोर्ट लीटांचे उरलेसुरले न्यायाधिकार १९७७ च्या कायद्याने काढून घेतले, पण लॅक्स्टनच्या कोर्ट लीटला शिवारांपुरता अधिकार त्याच कायद्याने राखून ठेवला. नोव्हेंबरच्या अखेरीस एका ठरलेल्या दिवशी कुळांतून निवडलेले पंच त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवारात जातात, पट्ट्यांची टोके पाहतात आणि नांगराने कोठवर यावे हे दाखवणाऱ्या खुंट्या ठोकतात. कोणी शेतरस्त्यात किंवा साइकात नांगर घातला असेल, कोणाचा चर बुजला असेल, तर त्याची नोंद होते. बांध कोरण्याची खोड कोणत्याही देशातील शेतकऱ्याला नवी नाही. आठवडाभराने गावातील डव्हकोट इन या खाणावळ-मद्यगृहात कोर्ट भरते. कारभारी पंचांना शपथ देतो, कुळांची हजेरी घेतली जाते आणि पंचांचा अहवाल सर्वांदेखत वाचून दंड ठरतो. दंड काही पौंडांचाच असतो, पण तो कोणाला आणि कशाबद्दल झाला हे गावभर होते. पंच स्वतः कुळेच असल्याने त्यांतल्याही कोणाचे नाव यादीत येऊ शकते. सुटलेली गुरे कोंडवाड्यात घालणारा ‘पिंडर’ हा अधिकारीही येथेच नेमला जातो. गुरे आता फारशी सुटत नसली तरी नेमणूक चुकत नाही. शेवटी पुढील वर्षी गव्हाची पाळी ज्या शिवाराची असेल, त्याच्या पाहणीसाठी नवे पंच निवडून कोर्ट उठते.